तुम्ही विचारलंत म्हणून: घराला लागून असलेलं झाड कापून उतरवायला किती पैसे लागले?

46,500 रुपये.

पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या घराचा गुलमोहर 2023 च्या एप्रिलअखेर उतरवला. तेव्हापासून भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, तळजईवर फिरायला गेले तरी कुणी ना कुणी थांबवतं. "आमच्याही घराला लागून एक मोठं झाड आहे हो. तुम्हाला किती खर्च आला?" मी आकडा सांगते. समोरचा मनात काहीतरी जुळवतो आणि निघून जातो. त्याला थांबवून पुढचं सांगायला हवं होतं असं दर वेळी वाटतं. म्हणून आज सगळं लिहिते.

आधी हिशेब. चढणारी माणसं आणि दोरवाले मिळून तीन दिवसांचे 27,000. बुंध्याचे मोठे ओंडके उचलायला अर्धा दिवस क्रेन, 7,000. टेम्पोच्या तीन फेऱ्यांचे 4,500. खोडाचा खुंट आणि वरवरची मुळं काढायला 6,000. शेजाऱ्यांच्या कंपाउंडवरची कौलं फुटली, ती बदलून दिली, 2,000. लाकडाचा एक पैसा सुटला नाही. सागवान किंवा शिसव असतं तर मुकादमाने मजुरीत वळते केले असते, पण गुलमोहराचं लाकूड मऊ आणि ठिसूळ, त्याला वखारवालासुद्धा हात लावत नाही.

पहिला जो माणूस पाहून गेला त्याने 14,000 सांगितले होते. ऐकून बरं वाटलं. मग विचारलं, "पाडणार कसं?" तो म्हणाला, "खालून कापतो काकू, दोर बांधून अंगणात ओढून घेतो." झाड चाळीस फूट, अंगण बावीस फूट. उरलेले अठरा फूट कुठे जाणार होते, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माणसांचा विमा आहे का, हे विचारल्यावर तो हसला. त्याला मी परत बोलावलं नाही.

दर झाडाच्या उंचीवर ठरतो असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तो ठरतो झाड खाली कुठे यायचं यावर. हेच झाड माळरानावर असतं तर दोन माणसांनी सकाळी कापून दुपारी जेवायला घर गाठलं असतं. घराला लागून असलेलं झाड पाडता येत नाही, ते शेंड्यापासून तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं. एक फूट जाडीची, बारा फूट लांबीची ओली फांदी दोनशे-अडीचशे किलो भरते. ती पत्र्यावर सुटली तर पत्रा राहत नाही आणि खाली माणूस असला तर विचारायलाच नको.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. एक पोरगा कमरेला पट्टा लावून वर बसलेला. फांदीला दोर बांधलेला, दोराचे दोन वेढे बुंध्याला, आणि खाली मुकादम दोर धरून पाय रोवून उभा. वर करवत थांबली, फांदी कडकन मोडून लोंबकळली आणि दोर सालीवरून असा सरकला की धूर निघाला. मुकादमाने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने त्यावर पाण्याची बाटली ओतली. मग इंच-इंच करत ती फांदी आमच्या पोर्चच्या कडेपासून हातभर अंतरावरून खाली आली. त्यानंतर 27,000 मला कधी जास्त वाटले नाहीत.

आता परवानगीचं. आपल्या कंपाउंडातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी मनाला येईल तेव्हा कापता येत नाही. 1975 चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा शहरी भागाला लागू आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, त्यांची माणसं पाहणी करतात, झाडावर नोटीस लागते, हरकती येऊ शकतात. नुसत्या मोठ्या छाटणीलासुद्धा विचारावं लागतं. बुंध्यात भोक पाडून आम्ल ओतण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. झाडाला इजा करणं हे कायद्याने तोडण्यातच धरलं जातं, आणि तसं सडवलेलं झाड कधी आणि कुणावर पडेल ते कुणाच्या हातात राहत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची असा नियम आला. तेव्हा त्या लागवडीचं आणि अनामतीचं काय, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. आम्हाला परवानगीला सात आठवडे लागले.

पण खरा खर्च त्या 46,500 मध्ये नाही, आणि मला सांगायचं आहे ते हेच.

सासूबाईंनी तो गुलमोहर 1979 मध्ये लावला तेव्हा तो घरापासून चांगला पंधरा फुटांवर होता. 1994 मध्ये आम्ही पोर्च काढला, आणि झाड पोर्चच्या खांबापासून चार फुटांवर आलं. चिखल नको म्हणून बुंध्यापर्यंत फरशी घातली, मुळांना पाणी जायला वाटच ठेवली नाही. 2011 मध्ये ड्रेनेजच्या नव्या पाइपसाठी चर खणला, तेव्हा मांडीएवढी जाड दोन मुळं आडवी आली. कामगाराने विचारलं, "तोडू का?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हटलं. पाइप दोन फूट वळवून नेला असता तर तेव्हा फार तर तीन-चार हजार जादा गेले असते.

झाडाची मुळं आपल्याला वाटतात तशी पाताळात जात नाहीत. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पुढे जातात. त्यात आमच्याकडे थोडी माती, मग मुरूम आणि खाली काळा दगड. झाड उभं होतं ते त्या आडव्या मुळांच्या पकडीवर, आणि एका बाजूची पकड आम्ही स्वतः सोडवली.

2022 च्या पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी भाकरीएवढी, तपकिरी, कडेला पांढरी अशी एक अळंबी फुटली. पुसून काढली तर पंधरा दिवसांत पुन्हा आली. मग चराच्याच बाजूला जमिनीत बोटभर भेग दिसली, आणि झाड उलट दिशेला, पोर्चवर झुकलेलं. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका ओळखीच्या बाईंनी हातोडीच्या दांड्याने बुंधा ठोकून पाहिला. एका जागी आवाज भरीव, हातभर पुढे ढोलासारखा. "आता ह्याला वाचवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांपूर्वी बोलावलं असतंत तर फांद्या विरळ करून आणि फरशी उखडून टिकलं असतं."

परवानगी हातात आली तेव्हा एका वाळलेल्या फांदीत तांबट पक्ष्याने लिंबाएवढं गोल भोक पाडलं होतं, आत पिल्लं होती. पिल्लं उडेपर्यंत आम्ही थांबलो. गाडी बाहेर लावली, पोर्चमध्ये बसणं बंद केलं, आणि वळीव लवकर येऊ नये म्हणून रोज आभाळाकडे पाहिलं. झाड उतरवलं तेव्हा शेंड्याला कळ्या धरल्या होत्या. बुंधा कापल्यावर आतून काळा, ओला भुसा निघाला, तळघरात येतो तसा वास. परातीएवढी पोकळी होती. बाहेरून चार बोटं लाकूड तेवढं धड.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरलं होतं. त्या हिशेबाने आमच्या 44 वर्षांच्या झाडाचे 32 लाख 78 हजार होतात. तो आकडा बाजूला ठेवते. मला एवढंच ठाऊक आहे की आता मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते.

तुमचं झाड काढायलाच हवं असेल तर काढा. पोकळ झाड घरावर ठेवून झोपू नये, हे मी मनापासून सांगते. पण ठेकेदाराला फोन करण्याआधी बुंध्याभोवतीची फरशी, तळाशी अळंबी, जमिनीतली भेग आणि कुणी कधी खणलेला चर एवढं पाहून घ्या. नुसता पाला पडतो, गटार तुंबतं, उजेड अडतो एवढंच कारण असेल तर परवानगी घेऊन जाणत्या माणसाकडून फांद्या विरळ करून घ्या, त्याला पुष्कळ कमी पैसे लागतात. ठोकून पाहायला मला आता येतं. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते, निरोप द्या, हातोडी घेऊन येईन.