स्विच २ स्वस्त आहे, पण कोणासाठी?

जपानच्या निंटेंडो कंपनीने २ एप्रिल २०२५ ला स्विच २ या गेम खेळायच्या यंत्राचा सगळा तपशील जाहीर केला, तेव्हापासून पुण्याहून पुतण्याचा एकच धोशा चालू आहे : "काका, जपानमध्ये स्वस्त आहे म्हणे. दिवाळीला येताना घेऊन ये ना." पोराचं गणित चोख आहे. जाहीर झाली तेव्हा जपानमध्ये किंमत होती ४९,९८० येन, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आसपास. अमेरिकेत तेच यंत्र तेव्हा ४४९.९९ डॉलरला होतं, म्हणजे अडतीस हजारांच्या वर. काका तोक्योत निशी-कासाईला राहतो, दरवर्षी घरी येतो. मग अडचण काय?

अडचण अशी की जपानमध्ये दोन स्विच २ आहेत. ४९,९८० येनवाला फक्त जपानी बोलतो. यंत्राची भाषा जपानी, ती बदलता येत नाही आणि ज्या निंटेंडो खात्याचा देश जपान आहे तेच खातं त्याला जोडता येतं. सगळ्या भाषांचा स्विच २ हवा असेल तर तो तेव्हा ६९,९८० येनला, तोही दुकानात मिळणार नाही, निंटेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यायचा. आत चिप तीच, पडदा तोच, बॅटरी तीच. वीस हजार येन जास्त मोजायचे ते भाषेचे.

पुतण्याचं खातं अमेरिकेचं आहे, कारण निंटेंडोचं ई-शॉप, म्हणजे गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान, भारतात चालतच नाही. भारतातली मुलं कुठल्या तरी दुसऱ्या देशाचं खातं उघडून खेळतात. त्याने देश बदलून जपान केला, तर पुढची सगळी ऑनलाइन खरेदी जपानी दुकानातून. आणि त्या दुकानाने २५ मार्च २०२५ पासून जपानबाहेरची क्रेडिट कार्डं आणि पेपॅल घेणं बंद केलंय. म्हणजे पुण्यात बसून गेम घ्यायला काकाने इथून प्रीपेड कार्डाचा नंबर पाठवायचा. शिवाय स्विचवरचे बरेच गेम आपली भाषा यंत्राच्या सेटिंगवरून उचलतात. जपानी न येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात हे यंत्र देऊन मी काय साधणार?

निंटेंडोने हे का केलं ते मला समजतं. २०१७ साली स्विच आला तेव्हा डॉलरला ११० येनच्या आसपास पडत. २०२५ च्या एप्रिलमध्ये १४०-१५० पडत होते. जपानी पालकांना परवडेल अशी किंमत ठेवली की बाहेरचे लोक पेट्याच्या पेट्या उचलून नेणार, आणि इथल्या मुलांना मिळणारच नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत तिसरीत आहे. तिच्या वर्गातल्या मुलांना स्विच २ परवडावा असं मलाही मनापासून वाटतं. पण खात्याच्या देशाची अट एकटीच त्यासाठी पुरली असती. भाषा कशाला काढून घेतली? या देशात राहणारे, इथे कर भरणारे, जपानी खातं असलेले लाखो परदेशी आहेत. मी कामापुरतं जपानी वाचतो. निंटेंडोच्या स्वतःच्या गेममध्ये कांजीच्या, म्हणजे चिनी अक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारा बारीक हिरागाना असतो, त्यामुळे माझं निभतं. इतर कंपन्यांच्या मोठ्या गोष्टीच्या गेममध्ये तो बहुतेक वेळा नसतो. एकेका संवादावर मी थांबतो, मुलगी शेजारून वाचून दाखवते, तोवर लढाई सुरू झालेली असते. तिच्याबरोबर खेळायला मला हे आवडतंही. पण रात्री ती झोपल्यावर एकट्याने खेळायचं तर मला इंग्रजी लागतं, आणि त्याची किंमत वीस हजार येन ठरली.

माझ्याकडे आधी ३डीएस हे निंटेंडोचं जुनं यंत्र होतं. त्याला देशाचं कुलूप होतं, जपानी यंत्रात अमेरिकेची कॅसेट चालायची नाही. स्विचने ते कुलूप काढून टाकलं. जवळपास कुठल्याही देशाची कॅसेट कुठल्याही स्विचमध्ये घाला, चालते. तेव्हापासून आमच्या घरात एक सुरेख व्यवहार सुरू झाला. इथे बुकऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात वापरलेल्या कॅसेट मिळतात, डबी स्वच्छ, वर किमतीची चिठ्ठी, आत बोटाच्या पेराएवढी कॅसेट. जपानी डबी असली तरी निंटेंडोच्या बहुतेक गेममध्ये इंग्रजी असतंच. मी त्या पुण्याला न्यायचो, पुतण्याच्या खेळून झालेल्या परत आणायचो, इथे विकून त्यात भर घालून दुसऱ्या घ्यायचो. त्याच्याकडून त्या सोसायटीतल्या मित्रांकडे जायच्या, दोन-दोन महिने फिरायच्या, कधी डबी एकीकडे आणि कॅसेट दुसरीकडे अशा घरी यायच्या. वहिनीला पहिल्यांदा भीती होती की धाकटी एखादी गिळेल. स्विचच्या कॅसेटला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, हे मी तिला सांगितलं. धाकटीने एकदा चाटून बघितलीच आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकली.

भारतात, जिथे कंपनीचं ई-शॉप नाही आणि नवा गेम घेणं म्हणजे घरातला एक मोठा खर्च, तिथे हातोहात फिरणारी कॅसेट हाच या छंदाचा कणा आहे. स्विच २ च्या घोषणेत मला सगळ्यात जास्त लागलं ते इथेच.

नव्या कॅसेटचा एक प्रकार आला आहे, 'गेम-की कार्ड'. दिसायला कॅसेटच, डबीही तशीच, पण आत गेम नाही, फक्त किल्ली. कार्ड घातलं की यंत्र इंटरनेटवरून आख्खा गेम उतरवून घेतं, आणि तरीही खेळताना प्रत्येक वेळी कार्ड आत लागतं. म्हणजे डाउनलोडची वाट बघा, जागाही अडवा, आणि कार्डही सांभाळा. स्ट्रीट फायटर ६ असाच आला, ब्रेव्हली डिफॉल्टची नवी आवृत्तीसुद्धा. हे कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं, ते खरं आहे. पण ज्याच्या हातात जाईल त्याने पुन्हा सगळं उतरवायचं. पुण्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्या मुलाने काय करायचं? आणि पंधरा-वीस वर्षांनी निंटेंडोने तो सर्व्हर बंद केला, की ते कार्ड नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. ३डीएस आणि वी यू या निंटेंडोच्याच जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाली, हे काही फार जुनं नाही. इतर कंपन्या मोठ्या कॅसेटचा खर्च वाचवायला हे करतात हे उघड आहे. सायबरपंक २०७७ मात्र आख्खा ६४ जीबीच्या कॅसेटवर आला. ज्यांनी ते केलं त्यांचे आभार. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

बरं, खऱ्या कॅसेटचं तरी काय? मारिओ कार्ट वर्ल्ड हा स्विच २ चा गेम डाउनलोड घेतला तर ८,९८० येन, कॅसेट घेतली तर ९,९८०. स्विचवरचा आधीचा मारिओ कार्ट ८ डिलक्स कर धरून ६,५७८ येनला होता. किंमत वाढली, त्याचं दुःख आहेच, पण ज्याला वस्तू हातात हवी आहे त्याच्याकडून हजार येन वेगळे घ्यायचे, ही रीत नवी आहे. लोकांना डाउनलोडकडे हाकलण्याचाच हा मार्ग आहे.

डाउनलोडवाल्यांसाठी निंटेंडोने 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलंय. घरच्या गटातल्या माणसाला एक गेम दोन आठवडे उसना देता येईल. ऐकून मला वाटलं, हे तर आमच्यासाठीच! मग अट वाचली : उसना देताना दोन्ही यंत्रं एकमेकांजवळ आणून वायरलेसने जोडायची. निशी-कासाई आणि कोथरूड यांच्यात सहा हजारांहून जास्त किलोमीटर आहेत. एकाच छपराखाली राहणारं तेच घर, असं यांनी धरलंय. आमच्यासारखी निम्मी माणसं परदेशात असलेली घरं त्यांच्या हिशेबात नाहीत.

यंत्राबद्दल थोडक्यात. ७.९ इंचांचा पडदा मोठा आणि १०८० पिक्सेलचा झाला, वेगही १२० हर्ट्झ, पण तो एलसीडी आहे. माझ्या २०२१ च्या ओएलईडी मॉडेलवर रात्रीचं आकाश खरंच काळं दिसतं. ते आता मागे पडणार. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार दोन ते साडेसहा तास, ओएलईडीची साडेचार ते नऊ. कमीत कमी दोन तास हा आकडा हातात धरून खेळायच्या यंत्राला शोभत नाही. निशी-कासाई ते नारिता, मग विमानतळावरची वाट, एवढ्यातच तो संपेल. जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंच्या कंट्रोलरची, दांडी आपोआप सरकण्याच्या तक्रारींबद्दल निंटेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० साली माफी मागितली होती, तरी नव्या दांड्यांमध्ये घासून न झिजणारे हॉल इफेक्टचे चुंबकीय सेन्सर नाहीत. आणि यंत्राची ओळख करून देणारा 'वेलकम टूर' ९९० येनला विकत! नव्या पेटीसोबत तो फुकट द्यायला हवा होता. २००६ साली निंटेंडोच्या वी या यंत्राबरोबर वी स्पोर्ट्स हा गेम जपानबाहेर बहुतेक ठिकाणी पेटीतच यायचा, आणि त्यावर माझ्या आईने बोलिंग शिकून घेतलं होतं.

स्विच २ विकत मिळण्यासाठी इथे लॉटरी निघाली. फेब्रुवारीअखेर जुन्या स्विचवर पन्नास तास खेळलेलं हवं, निंटेंडोचं ऑनलाइन सदस्यत्व एकूण वर्षभराचं हवं. मी दोन्हींत बसत होतो. फुरुकावांनी सांगितलं की बावीस लाख अर्ज आले. त्यात माझा नाही. दिवाळीला पुतण्यासाठी मी ओएलईडी स्विच नेणार आहे, इथला, सगळ्या भाषांचा, आणि सोबत बुकऑफमधून मिळतील तेवढ्या कॅसेट. त्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मेट्रॉइड मिळाली तर बघ. निंटेंडोने जपानी खात्याच्या यंत्रावर इंग्रजी चालू केलं, अगदी थोडे पैसे घेऊन का होईना, तर मी स्वतःसाठी दुसऱ्या दिवशी स्विच २ घेईन.