बारमधली कराओके नाइट आणि विशीतली गाणारी मुलं: माझा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका रेस्टॉरंट-बारमध्ये शुक्रवारी संध्याकाळी कराओके असतं, ते मी सांभाळते. एरवी मी घरी गाण्याचा क्लास घेते, गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवते. मालकांना (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) सुरुवातीला लॅपटॉपवर ट्रॅक लावणारं कोणीतरी हवं होतं, एवढंच. ट्रॅक लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे हे मला लवकरच कळलं.

गायला येतात ती बहुतेक विशीतली मुलं. कॉलेज नुकतंच संपलेली, अंबड-सातपूरला कंपनीत चिकटलेली, काही घरून आयटीची कामं करणारी. नाशकात कराओकेचे ग्रुप पुष्कळ आहेत, पण ते निवृत्त मंडळींचे. वर्गणी काढायची, हॉल घ्यायचा, जुनी गाणी म्हणायची. छान चालतात ते, पण तिथे या पोरांना जागा नसते. म्हणून ती बारमध्ये येतात, कारण माइक तिथे असतो. त्यांना नीट गाता यावं, कोणी त्यांची टर उडवू नये आणि ती वेळेत घरी पोचावीत, यासाठी काय काय करावं लागलं ते लिहिते आहे. कोणाला अशी संध्याकाळ सुरू करायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न वयाचा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. आमच्याकडे परमिट रूम आणि फॅमिली सेक्शन वेगळे आहेत, आणि शुक्रवारचं कराओके परमिट रूममध्ये असतं. अण्णांचा नियम सरळ आहे: २१ च्या आतल्याला परमिट रूममध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही, मग तो नुसतं पाणी पिणार असला तरी. दारात कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) ओळखपत्र बघतो. मला हा नियम मान्य आहे. पण एकोणीस-वीस वर्षांची मुलं दारातून परत जाताना बघवेना. "ताई, आम्ही फक्त गाणार, थम्सअप घेऊ," असं म्हणायची बिचारी.

मी अण्णांना म्हटलं, रविवारी दुपारचं जेवण उरकल्यावर सातपर्यंत फॅमिली हॉल रिकामाच असतो, तो आम्हाला द्या. दारू नाही, परमिट रूमचा दरवाजा बंद. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "खातील ना पोरं?" खातात. मंचुरियन आणि कोल्ड कॉफी भरपूर जाते. तेव्हापासून लहान मुलांचा रविवार आणि मोठ्यांचा शुक्रवार अशी विभागणी झाली. एकविसावा वाढदिवस झाला की पोरं आधार कार्ड हातात धरून ऐटीत शुक्रवारी हजर होतात.

दुसरी अडचण घरच्यांची. मुलगी 'बारमध्ये गाते' म्हटलं की आपल्याकडे आईवडिलांच्या डोळ्यांसमोर ऑर्केस्ट्रा बार उभा राहतो. त्यात त्यांचा काही दोष नाही. २००५ साली राज्यानं डान्स बार बंद केले, २०१६ साली नवा कायदा आला, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या काही अटी काढल्या पण नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. एवढी वर्षं पेपरात जे वाचलं त्यावरूनच लोक अंदाज बांधणार. एका मुलीच्या वडिलांचा मला फोन आला.

"मॅडम, तुम्ही क्लास घेता ना? मग माझ्या मुलीला बारमध्ये कशाला उभं करता?"

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही वहिनींना घेऊन या. मागच्या टेबलावर बसा, पूर्ण वेळ बसा, आणि मग काय ते सांगा."

ते आले. लिंबू सोडा मागवून दोघं बसले. मुलगी आपली पाहुणी म्हणून आली, आपल्या टेबलावर बसली, नाव पुकारल्यावर गायली आणि परत मैत्रिणींत जाऊन बसली. तिला कोणी पैसे दिले नाहीत, कोणी फर्माईश केली नाही, स्टेजजवळ कोणी गेलं नाही. हे आपोआप घडत नाही, ते आम्ही ठरवून ठेवलेलं आहे. गाणाऱ्याला पैसे देणं, नोट दाखवणं, स्टेजवर चढून नाचणं आमच्याकडे चालत नाही. कोणी उठलाच तर मी गाणं थांबवत नाही, कॅप्टनकडे बघते. कॅप्टन आणि एक वेटर त्या टेबलाशी जाऊन उभे राहतात, ऑर्डर विचारतात, माणूस खाली बसतो. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर बिल पुढे ठेवतात. अण्णांनी यात मला एकदाही अडवलं नाही, गिऱ्हाईक जुनं असलं तरी. मालकाची अशी साथ नसेल तर हे काम कोणी अंगावर घेऊ नये.

मोबाइलवर शूटिंगचंही तेच. ज्याचं गाणं आहे त्यानं सांगितलेल्या मित्रानंच रेकॉर्ड करायचं, बाकीच्यांनी फोन खाली. पहिल्यांदा गाणाऱ्या पोराचा फाटलेला आवाज दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर फिरला की ते पोर पुन्हा माइकला हात लावत नाही.

परवान्यांचं थोडक्यात सांगते. गाण्याचे शब्द आणि चाल सार्वजनिक ठिकाणी सादर होतात म्हणून आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं बघणारी संस्था) परवाना, आणि मधल्या वेळात मूळ रेकॉर्डिंग वाजवायची असतील तर त्या रेकॉर्डिंगच्या हक्कदारांचा वेगळा. ही कामं मालकाची, पण फाइल कुठे ठेवली आहे ते होस्टला माहीत असावं.

आता गाण्याकडे येते, कारण माझा जीव तिथेच अडकलेला असतो.

येणाऱ्या दहातल्या आठ मुलांना अरिजित सिंगची गाणी म्हणायची असतात, आणि तीही मूळ पट्टीत. मुखडा गोड जातो. अंतऱ्यात सूर वर चढला की मान ताणली जाते, शिरा दिसायला लागतात आणि आवाज फाटतो. पोराला वाटतं आपल्याला गाता येत नाही. खरं म्हणजे पट्टी त्याची नसते. म्हणून मी नाव लिहून घेतानाच त्याला बाजूला घेते आणि अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ हळू आवाजात म्हणायला लावते, मुखडा नाही. तिथे अडखळला की ट्रॅक मायनस दोन, म्हणजे दोन अर्धे सूर खाली, कधी मायनस तीन. तीनाच्या खाली नेला की ट्रॅकमधला तबला आणि ड्रम बद्द वाजायला लागतात, मग दुसरा ट्रॅक शोधायचा. पुरुषानं गायलेलं गाणं मुलीला म्हणायचं असेल तर चार-पाच अर्ध्या सुरांचा फरक पडतो. तेव्हा मूळ ट्रॅक ओढत बसण्यापेक्षा फीमेल स्केलचा तयार ट्रॅक घ्यावा, आता बहुतेक गाण्यांचे मिळतात.

मुलांना पट्टी कमी करायला लाज वाटते. "ताई, ओरिजिनलच ठेवा ना." मी त्यांना सांगते की मोठमोठे गवई आपापल्या पट्टीत बसतात, कोणी काळी एक, कोणी काळी दोन, त्यात कमीजास्त काही नसतं. सातपूरच्या एका मुलाला हे पटायला बरेच शुक्रवार गेले. ज्या दिवशी तो मायनस तीनवर गायला, त्या दिवशी त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला असं म्हणायला हरकत नाही. खर्जात इतका भरलेला आवाज आहे त्याचा, आणि तो इतके दिवस वर ओरडत होता.

साउंडमध्ये दोन गोष्टी सांभाळल्या की निम्मं काम होतं. लॅपटॉप ते मिक्सर वायरच लावायची, ब्लूटूथ नको. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा येऊ शकतो. पडद्यावरचे शब्द पुढे जातात, ट्रॅक मागून येतो आणि नवं पोर ताल सोडतं. दुसरी गोष्ट माइक धरण्याची. आमच्याकडे शुअरचा एसएम ५८ आहे, १९६६ पासून चालत आलेलं मॉडेल, पडलं-झडलं तरी टिकतं. पण रॅप करणाऱ्यांचं बघून मुलं जाळीवर मूठ आवळतात. मागून येणारा आवाज टाळण्याची त्या माइकची जी सोय आहे ती मुठीमुळे झाकली जाते, स्पीकरचा आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी वाजते. सगळा हॉल कानांवर हात ठेवतो, पोर घाबरतं. म्हणून रांगेत उभं असतानाच एक बंद माइक हातात देऊन दांडा धरायला शिकवायचं.

एको मी कमीच ठेवते. मुलांना भरपूर हवा असतो, पण जास्त एकोत स्वतःचा सूर ऐकू येत नाही.

आणि यादी. संध्याकाळ बसते किंवा पडते ती यादीवर. एका कंपनीतले आठ जण येऊन आठ नावं देतात आणि बाकीचे तासभर ताटकळतात, म्हणून एका टेबलाचं एक नाव, मग दुसऱ्या टेबलाचं, अशी फेरी. सगळ्यांची एक फेरी झाल्याशिवाय कोणालाही दुसरं गाणं नाही, मग तो कितीही छान गात असो. पहिल्यांदा गाणाऱ्याला पहिला नंबर कधी देत नाही, आणि सगळ्यात तयार गळ्याच्या मागोमागही नाही. तिसरा-चौथा नंबर बरा. हॉल तोपर्यंत गरम झालेला असतो आणि पिणारे अजून शुद्धीत असतात. त्याच्या आधी एखादं सगळ्यांना येणारं, टाळ्यांचं गाणं ठेवते, म्हणजे लोक खुशीत असताना पोर उभं राहतं. लांब राहणाऱ्या मुलींची नावं वर घेते, सिडको किंवा पंचवटीला जायचं तर शेवटच्या गाण्यापर्यंत थांबायला लागू नये.

आधी गाणं, मग ग्लास, हेही यादीतच बसवलं आहे. भीती घालवायला म्हणून पोरं आधी बिअर मागवतात. भीती जाते हे खरं, पण आधी ताल जातो आणि त्याच्या मागून सूर. माझ्या यादीत नाव असलेल्याला गाणं झाल्यावरच बिअर द्यायची, असं कॅप्टनशी ठरलेलं आहे. त्यासाठी पोरांना फार वेळ अडकवून ठेवायचं नाही ही माझी जबाबदारी.

मागच्या बाजूला लोकांची घरं आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहांना त्यात सवलत आहे, पण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आमची मागची खिडकी काही तेवढं अडवत नाही. म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं, दहाला मिक्सर बंद. यादीतली नावं उरली तर पुढच्या शुक्रवारी ती सगळ्यात वर. हे मी वहीत त्यांच्यादेखत लिहिते, म्हणजे रुसवा राहत नाही. मागच्या बिल्डिंगमधल्या एक आजी मला क्लासच्या मुलांच्या आयांकडून ओळखतात. एकदा भाजी घेताना म्हणाल्या, "तुमची ती पावणेदहाची द्वंद्वगीतं बरी असतात हो." शेवटी द्वंद्वगीत ठेवायची पद्धत त्या दिवसापासून पक्की झाली.

लिंबू सोडा घेऊन बसलेले ते भाऊ त्या रात्री निघताना फार बोलले नाहीत. "दहाला बंद होतं ना नक्की?" एवढंच विचारून गेले. त्यांची मुलगी आता रविवारची यादी सांभाळते. लहान मुलांची पट्टी तीच बघते, वरची ओळ आधी म्हणवून घेते. अण्णा शनिवारचंही कराओके सुरू करायचं म्हणताहेत. मी त्यांना सांगितलं आहे की मागच्या खिडकीला दुहेरी काच बसवा आणि शनिवारीही हाच कॅप्टन ठेवा, मग बघू. काचेचं माप घेऊन गेले आहेत.