टस्कनीतलं मराठी लग्न: आधी पंचांग, मग व्हिला

टस्कनीत लग्न करायचं ठरलं की पहिले दोन महिने व्हिलांचे फोटो बघण्यात जातात. त्याआधी पंचांग उघडा, कारण इटलीचा मोसम आणि आपले मुहूर्त फार थोड्या आठवड्यांत जुळतात. तिकडे बाहेर मांडव घालण्याजोगी हवा साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते. आपल्याकडे आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे द्राक्षतोडणीचा सुंदर सप्टेंबर हातचा जातो. नोव्हेंबरच्या शेवटी मुहूर्त निघतात तेव्हा तिथे पाऊस असतो आणि पाचच्या आत अंधार पडतो. उरतो एप्रिलचा उत्तरार्ध ते जुलैची सुरुवात. २०२६ मध्ये त्यातही १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन मोसमातला महिना बाद. काही पंचांगांत चातुर्मासातले गौण मुहूर्त दिलेले असतात. घरच्या मोठ्यांना ते चालणार आहेत का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारून घ्या.

मुहूर्ताची वेळ घड्याळात साडेतीन तास मागे करून चालत नाही. तिथी आणि नक्षत्र सगळ्या जगात एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे तेवढ्यापुरता वेळेतला फरक वजा केला तरी चालतो. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, मात्र त्या गावाच्या क्षितिजावरून ठरतं. सिएनाजवळचं गाव ४३ अंश उत्तरेला आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. गुरुजींना गावाचं नाव, अक्षांश-रेखांश द्या आणि वेळ त्या जागेसाठी नव्याने काढून मागा. उन्हाळ्यात तिथे घड्याळ तासभर पुढे केलेलं असल्याने सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाच्या सुमारास. साडेबाराचा मुहूर्त धरला तर नऊवारी, शेला आणि होम या तिन्हींसह वधू भर उन्हात बसते. सकाळी दहाच्या आतला मुहूर्त घ्या, नाहीतर सरळ गोरज. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त नऊला दहा मिनिटं कमी असताना होतो, आणि त्याआधीचा तासभर व्हाल दॉर्चाच्या टेकड्यांवर जो उजेड असतो त्यापुढे कुठलीही सजावट फिकी पडते. मे महिन्यात तिथला गहू हिरवा असतो, जूनमध्ये पिवळा. जुलैत कापणी झाली की ऑगस्टमध्ये नुसती नांगरलेली माती दिसते. फोटोत पाहिलेली हिरवळ हवी असेल तर जुलै धरू नका.

आता कायदा. आमचं स्पष्ट मत आहे की लग्नाची नोंदणी भारतात आधी उरकावी आणि इटलीत फक्त विधी करावेत. तिथे कायदेशीर लग्न लावायचं तर भारतीय दूतावासाकडून, म्हणजे रोमच्या वकिलातीतून किंवा मिलानच्या कॉन्सुलेटमधून, विवाहाला हरकत नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो १६ युरोचं मुद्रांक-तिकीट लावून प्रेफेत्तुरात, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयात, प्रमाणित करायचा, मग कोमूनेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन निवेदन द्यायचं. दोन साक्षीदार लागतात, आणि इटालियन येत नसेल तर दुभाषाही. महापौर किंवा त्यांचा प्रतिनिधी नागरी संहितेची कलमं १४३, १४४ आणि १४७ वाचून दाखवतो. हे सगळं व्हिलाच्या अंगणात हवं असेल तर ती जागा कोमूनेने विवाहासाठी अधिकृत केलेली असावी लागते, आणि फार थोड्या जागा तशा असतात. इटलीने २०१२ च्या कायदा क्र. २४६ ने हिंदू विवाहाला नागरी मान्यता दिली आहे हे खरं, पण ती तिथल्या हिंदू संघटनेच्या मान्यताप्राप्त पुरोहितांनी लावलेल्या लग्नापुरती. पुण्याहून नेलेल्या गुरुजींना ती लागू होत नाही.

भारतात विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग सरळ आहे. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग ३० दिवसांची नोटीस, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर विवाह. हिंदू विवाह कायद्याखाली आधी नुसती नोंद करून विधी नंतर करू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. विधी झालेलेच नसताना केलेल्या नोंदीने विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पाहुण्यांनी पहिल्याच महिन्यात करावा, कारण एप्रिल ते जून अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा हवा. आजी-आजोबांनाही बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, हे आयत्या वेळी कळलं की घरात धावपळ होते. गुरुजी, मेकअप करणाऱ्या ताई आणि फोटोग्राफर पैसे घेऊन काम करायला येत असतात. त्यांना पर्यटक व्हिसा चालेल का, हे कॉन्सुलेटला लेखी विचारा. युरोपातच राहणारे मराठी गुरुजी मिळाले तर हा प्रश्नच मिटतो, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांना ते बहुधा माहीत असतात.

जागा बघायला जाल तेव्हा खोल्या आणि बाग यांच्याआधी रस्ता बघा. टस्कनीतल्या बऱ्याच टेकड्यांवर जायला पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता असतो. तो अरुंद, वळणावळणाचा, आणि पन्नास आसनी बस त्यावर चढत नाही. ८० पाहुणे आणि २५ आसनी दोन गाड्या असतील तर दोन फेऱ्या होतात, आणि एका फेरीला जाऊन-येऊन ४० मिनिटं लागली तर पहिल्या फेरीतलं वऱ्हाड तेवढा वेळ उन्हात ताटकळतं. त्यांच्यासाठी सावली, पाणी आणि सरबत तयार ठेवा. ड्रायव्हरचा हिशेब याहून महत्त्वाचा. युरोपच्या नियमाने त्याला दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते, आठवड्यातून मोजक्या वेळाच ती ९ वर आणता येते. सकाळी नऊला गाडीवर आलेला माणूस रात्री एक वाजता पाहुण्यांना हॉटेलवर सोडू शकत नाही. रात्रीसाठी दुसरा ड्रायव्हर ठरवून करारात लिहून घ्या.

मग वीज. इटलीत घरगुती कनेक्शन साधारण ३ किलोवॅटचं असतं. जुन्या शेतघरांना याहून जास्त असलं तरी किती, ते बिलावर बघून खात्री करा. एक हेअर ड्रायर २ किलोवॅट खातो. वधूच्या खोलीत दोन ड्रायर लागले आणि खाली कुणी कॉफीचं यंत्र चालू केलं की अख्खं घर अंधारात जातं, आणि मेन स्विच बहुतेक वेळा बाहेर गेटपाशी असतो. केटरर, दिवे आणि डीजे यांच्यासाठी वेगळा जनरेटर भाड्याने घ्या, तो आवाज न करणारा हवा आणि मांडवापासून लांब ठेवायला हवा. केबल किती मीटर लागेल ते आधी मोजा. आपल्या तीन गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, तेव्हा प्रत्येक खोलीला दोन-तीन ॲडॅप्टर न्या. गरम पाण्याचंही विचारा. लग्नाच्या सकाळी सगळे एकाच तासात आंघोळीला जातात आणि बॉयलर ८० लिटरचा असतो.

हळदीचा कार्यक्रम कुठे करायचा, यावर मालकाशी वाद होऊ नये म्हणून जमिनीची माहिती हवी. तिथल्या अंगणात ट्रॅव्हर्टिन नावाच्या चुनखडी दगडाची किंवा भाजक्या विटांची फरशी असते, दोन्ही सच्छिद्र. ओली हळद तीत मुरते, आणि डाग काढायला कोणी लिंबू चोळलं तर आम्ल दगडच खातं. अनामत रक्कम बहुतेक तिथेच जाते. गवतावर हळद करा, खाली प्लास्टिक आणि वर जाड चादर. अक्षतांना मात्र तिथे कोणी नवल करत नाही. इटालियन लोकही नवरा-नवरी चर्चबाहेर आली की त्यांच्यावर तांदूळच उधळतात. कुंकू कमी लावा आणि तांदूळ पूर्ण वाळवून द्या, म्हणजे कपड्यांना आणि दगडाला रंग लागत नाही.

साहित्याची यादी हा खरा अवघड भाग. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप बॅगेत नेऊ नका, विमानतळावर ते काढून घेतात. तिथलं बिनमिठाचं लोणी उत्तम असतं. एक किलो कढवलं की साधारण ८०० ग्रॅम तूप निघतं, होमाला तेवढं पुष्कळ झालं. कापूर ज्वालाग्राही असल्याने विमानात चालत नाही, आणि सुकं खोबरंही बॅगेत नेऊ देत नाहीत. नारळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतो. कापूर, सुपाऱ्या, लाह्या, हळकुंडं रोममध्ये पियात्सा व्हित्तोरियोच्या आसपासच्या भारतीय-बांगलादेशी दुकानांतून आठवडाभर आधी आणून ठेवा. विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, ताजा गजरा यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्यांचा नाद सोडा. कलशात आणि तोरणाला ऑलिव्हची किंवा तिथल्या लॉरेलची पानं फार देखणी दिसतात. गुरुजींची संमती आधी घेतलेली बरी. गजऱ्याला मोगरा मिळत नाही, पण निशिगंध इटलीत पिकतो. फुलवाल्याला कळ्या हव्यात, उमललेली फुलं नकोत, हे स्पष्ट सांगा. सकाळी ओवून ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला की गजरा संध्याकाळपर्यंत टिकतो. समिधांना तिथल्याच ओकची वाळलेली, रंग न दिलेली, बोटाएवढी जाड लाकडं चालतात.

होमाची परवानगी जागा ठरवतानाच लेखी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. १ जुलै ते ३१ ऑगस्ट हा टस्कनीत वणव्याच्या धोक्याचा काळ धरतात आणि उघड्यावर आग पेटवण्यावर बंधनं असतात. कोरडं वर्ष असलं की मुदत वाढते. जूनमध्येही मालक घाबरतात, तेव्हा त्यांना मांडणी दाखवा: पायांवर उभं तांब्याचं किंवा लोखंडी कुंड, खाली वाळूचा ट्रे, चार हातांवर अग्निशामक नळकांडं आणि पाण्याच्या दोन बादल्या. एवढं पाहिलं की बहुतेक जण हो म्हणतात. राख रात्रभर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ती शेतात टाकायची नाही.

टेकडीवर दुपारनंतर वारा सुटतो आणि अंतरपाट पतंगासारखा फडफडायला लागतो. मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांना एकमेकांचे चेहरे दिसून जातात. खालच्या काठाला दुमड घालून तिच्यात पाऊण इंचाची लाकडी काठी सरकवा. वरच्या काठालाही अशीच काठी घातली तर धरणाऱ्यांचे हातही दुखत नाहीत. बोहलं असं मांडा की धूर पाहुण्यांकडे न जाता दरीकडे जाईल. त्यासाठी आदल्या दिवशी त्याच वेळी तिथे उदबत्ती लावून वाऱ्याची दिशा पाहून घ्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना कॉलर माइक द्या आणि त्याला केसाळ कव्हर घाला, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा ऐकू येतो.

सजावटीवर पैसे कमी घाला, असं आम्ही प्रत्येक वधूला सांगतो. सायप्रेसच्या झाडांची रांग, दगडी भिंत आणि पैठणी एकत्र आली की फुलांच्या कमानीला जागाच उरत नाही. तो पैसा दिव्यांत घाला. सूर्यास्तानंतर तासाभराने टेकडी पूर्ण काळी होते, आणि पायऱ्या, वाट, स्वच्छतागृह, गाड्या उभ्या करायची जागा इथे उजेड नसला की कुणाचा तरी पाय मुरगळतो. खडीवर टाचांचे सँडल रुततात, तेव्हा करवल्यांना सपाट चपला सांगा.

जेवणाबाबत जागेचा स्वतःचा केटरर सक्तीचा आहे का, हे पहिल्या भेटीत विचारा. बाहेरचा आणायचा तर वेगळी फी पडते, आणि त्याला स्वयंपाकघर वापरू देतील का, हा प्रश्न त्याहून मोठा. आमचा कल एका वेळी भारतीय आणि दुसऱ्या वेळी पूर्ण इटालियन जेवण ठेवण्याकडे. मिश्र ताटात दोन्हींची चव जाते. इटालियन जेवणात शाकाहारींसाठी एक धोका असतो. पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. घरात कडक शाकाहारी असतील तर केटररला वनस्पतिजन्य रेनेटचं चीज लेखी सांगा. गाणी वाजवायची तर गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या सियाए या संस्थेचा परवाना कार्यक्रमाआधी काढावा लागतो, आणि बाहेरचं संगीत किती वाजता बंद होतं हे त्या कोमूनेच्या नियमावर ठरतं.

कोटेशन हातात आलं की कर धरलेला आहे का ते बघा. केटरिंगवर १० टक्के आणि फोटोग्राफर, सजावट, प्लॅनर यांच्यावर २२ टक्के व्हॅट लागतो, आणि बरेच जण कराशिवायचा आकडा सांगतात. करारात आगाऊ रक्कम कोणत्या नावाने लिहिली आहे ते वाचा. ‘कापार्रा कॉन्फिर्मातोरिया’ असं असेल तर तुम्ही माघार घेतल्यास ती बुडते, पण जागेच्या मालकाने माघार घेतली तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. नुसतं ‘आकोन्तो’ असेल तर दुपटीचं संरक्षण नाही. पाऊस आल्यास तंबू कधीपर्यंत सांगायचा, त्याचे पैसे कोण देणार, हेही त्याच कागदावर हवं. दागिन्यांसाठी निघताना भारतीय विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यासाठी तास-दीड तास हातात ठेवून निघा आणि दागिने चेक-इन बॅगेत टाकू नका, कारण ते तिथे प्रत्यक्ष दाखवावे लागतात.