लघवीचा रिपोर्ट आणि डोळ्याचा पडदा

‘लघवीत प्रथिनं निघाली, तर डोळे कशाला तपासायचे? मला तर स्वच्छ दिसतंय.’ मधुमेह असलेले आणि त्यांच्या घरचे हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूत्रपिंडातल्या गाळण्यांमध्ये आणि डोळ्याच्या पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले की या वाहिन्या झिरपू लागतात. मूत्रपिंडात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत उतरतं. डोळ्यात रक्ताचे ठिपके, पाणी आणि चरबी पडद्यात साठते. म्हणूनच लघवीत अल्ब्युमिन वाढलं असेल, तर पडद्यातही बिघाड सापडण्याची शक्यता वाढते. दुखत काहीच नाही, आणि पडद्याचा मधला भाग शाबूत आहे तोवर पेपरही वाचता येतो.

खरी गल्लत होते ती ‘किडनी नॉर्मल आहे’ या वाक्यात. हातात असतो तो बहुतेकदा नुसता क्रिएटिनिनचा रिपोर्ट. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ; तो उशिरा वाढतो. विशेषतः अंगात मांस कमी असलेल्या वयस्कर माणसात गाळण्याची क्षमता निम्मी झाली तरी आकडा नॉर्मलच्या रकान्यात दिसू शकतो. त्यामुळे लॅबमध्ये दोन गोष्टी नावानिशी मागा: लघवीची यूएसीआर (लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण) आणि रक्तावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज). यूएसीआर 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असावी. 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झाली आहे, 300 च्या वर ती बरीच वाढली आहे. ईजीएफआर 3 महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार.

यूएसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्या. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, ताप, लघवीचा संसर्ग किंवा पाळी असेल तर आकडा उगाच फुगतो. मुंबईच्या पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचा ताप येऊन गेला असेल, तर पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. 3 ते 6 महिन्यांतल्या 3 पैकी 2 नमुन्यांत वाढ दिसायला हवी. डोळे दाखवायला मात्र तेवढं थांबायचं कारण नाही.

हे नातं दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं. लघवी स्वच्छ असूनही पडदा बिघडलेला असू शकतो, म्हणून टाइप 2 मध्ये निदान होताच आणि टाइप 1 मध्ये 5 वर्षांनी दोन्ही तपासण्या सुरू करायच्या, पुढे साधारण दरवर्षी. उलट, टाइप 2 मध्ये अल्ब्युमिन भरपूर आणि पडदा मात्र निर्दोष असेल, तर मूत्रपिंडाला मधुमेहाखेरीज दुसरा आजार आहे का, ते पाहायला हवं. डोळ्यांचा रिपोर्ट किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचा तो यासाठी. आपल्याकडे या दोन फायली क्वचितच एका टेबलावर येतात, आणि त्यात रुग्णाचं फार नुकसान होतं.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे. थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. त्याला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. स्कूटर नेऊ नका, गॉगल ठेवा. संध्याकाळच्या गर्दीत दादरचा पूल चढायचा असेल, तर कुणाला तरी सोबत घ्या. केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

किडनीच्या धास्तीने बरेच जण डोळ्यांची अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंग देऊन पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणं, टाळतात. त्यातला फ्लोरेसिन रंग सीटी स्कॅनमधल्या आयोडीनच्या औषधाहून वेगळा आहे. लघवी आणि त्वचा काही काळ पिवळी दिसते, त्याने घाबरू नका; मात्र मूत्रपिंडाचा आजार आणि कसली अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

एचबीएवनसी (गेल्या 2-3 महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) खूप चढलेलं असेल आणि इन्सुलिन सुरू करून ते झपाट्याने उतरवायचं ठरलं असेल, तर त्याआधी पडदा तपासून घ्या. साखर एकदम खाली आली की आधीच असलेला पडद्याचा आजार सुरुवातीला बळावू शकतो. म्हणून उपचार टाळायचे नाहीत, डोळ्यांच्या तपासण्या तेवढ्या लवकर लवकर ठेवायच्या.