सह्याद्रीत फिरताना कॅमेऱ्यावर कोणती लेन्स असावी?

हरिश्चंद्रगडावरून पाचनईच्या वाटेने उतरून घरी आल्यावर मी कॅमेऱ्याची पिशवी रिकामी केली, तेव्हा दूरचे जवळ दाखवणाऱ्या टेलिफोटो लेन्सचे झाकण निघताना लावले होते तसेच होते. दोन दिवस ती लेन्स मी पाठीवर वाहिली आणि त्या दोन दिवसांत तिच्यातून एकही फोटो निघाला नाही. पावसाळ्यात गडावर धुके आणि भुरभुर चालूच असते. अशा हवेत कॅमेऱ्याचे तोंड उघडून लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर तुषार ओढवून घेणे, आणि एक हात खडकाला असताना तर ते शक्यही नसते. मग दोन लेन्स बाळगण्याऐवजी कॅमेऱ्यावर कायम राहील अशी एकच घ्यावी, असे ठरवले. कोणती घ्यावी, हे ठरायला मात्र पुढचे दोन महिने गेले.

माझा कॅमेरा सोनीचा ए६४०० आहे. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन ४०३ ग्रॅम भरते. त्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे मोठ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान आहे. लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लेंग्थला (हा आकडा जितका मोठा तितके दृश्य जवळ येते) दीडने गुणले की फुल फ्रेमच्या हिशेबातील आकडा मिळतो. या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्थिरीकरणाची, म्हणजे हाताचा कंप शोषून घेण्याची सोय नाही. लेन्स निवडताना ही एक गोष्ट इतर अनेक गोष्टींपेक्षा महत्त्वाची ठरली.

बाजारात या कॅमेऱ्याच्या माउंटसाठी, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्यासाठी, पर्याय पुष्कळ आहेत. टॅमरॉनची १८-३००, म्हणजे १८ ते ३०० मिलिमीटरपर्यंत झूम होणारी लेन्स, मी आधी विचारात घेतली, कारण एवढा पल्ला एका लेन्समध्ये मिळतो हे वाचूनच मन हरखते. पण तिचे वजन ६२० ग्रॅम आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या दीडपट. गळ्यात अडकवलेला असा कॅमेरा चढणीवर छातीवर आपटत राहतो आणि उतरणीवर वाकलो की पुढे झेपावतो, हे मी जुन्या डीएसएलआरच्या काळात पुरेसे भोगले आहे. त्याच कंपनीची १७-७० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त) ही लेन्स चांगली आहे आणि तिच्यात स्थिरीकरणही आहे, पण तीही ५२५ ग्रॅमची. सोनीची १८-१०५ एफ/४ झूम करताना लांबीने वाढत नाही, हा तिचा गुण मला विशेष आवडला, कारण पुढे-मागे सरकणारी नळी बाहेरची दमट हवा आणि धूळ आत ओढते. ४२७ ग्रॅम वजनही सोसण्यासारखे होते. तिची लांबी मात्र झूम न करताही ११० मिलिमीटर आहे, आणि माझ्या कमरेच्या लहान पिशवीत ती मावली नसती.

शेवटी तीन लेन्स उरल्या आणि तिन्हींचे वजन जवळजवळ सारखेच होते: सिग्माची १८-५० एफ/२.८ (२९० ग्रॅम), सोनीची १६-७० एफ/४ (३०८ ग्रॅम) आणि सोनीचीच १८-१३५ एफ/३.५-५.६ (३२५ ग्रॅम). पस्तीस ग्रॅमचा फरक म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीचे एक पाकीट. वजनाचा प्रश्न असा सुटल्यावर खरा प्रश्न समोर आला तो असा की मला रुंदी हवी, उजेड हवा की पल्ला हवा.

रुंदीचा विचार करताना १६ आणि १८ यांत दोनच मिलिमीटरचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात १६ वर सुमारे ८३ अंशांचा आणि १८ वर ७६ अंशांचा कोन मिळतो. लांबच्या टोकाला दोन मिलिमीटरने काहीच बिघडत नाही. रुंद टोकाला तेवढ्यानेच वाड्याचा एक खांब चौकटीत येतो किंवा राहतो. १६-७० ची किंमत मात्र चढी होती, आणि झूम केल्यावरही न बदलणाऱ्या एफ/४ या अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा, जो लाभ तिच्यात होता तो माझ्या कामाला अर्धवटच पुरा पडला असता. त्याचे कारण पुढे येते.

उजेडाबाबत मी स्वतःशीच बराच वाद घातला. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत भले मोठे शिवलिंग थंड पाण्याने वेढलेले आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आता एकच उभा आहे. आत उजेड फार कमी असतो. परंतु खांब आणि पिंड हलत नाहीत, त्यामुळे लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर सेकंदाच्या आठव्या भागाइतका वेळ शटर उघडे ठेवूनही हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्वच्छ फोटो मिळतो. सिग्माचे एफ/२.८ मोठे असले तरी तिच्यात स्थिरीकरण नाही आणि माझ्या कॅमेऱ्यातही नाही. स्थिर वस्तूंसाठी ती मला फारसा फायदा देणार नव्हती. उलट छातीभर पाण्यातून कुणी प्रदक्षिणा घालत असेल, तर स्थिरीकरणाचा काडीचाही उपयोग होत नाही. माणूस थिजवायला किमान १/१२५ सेकंद तरी हवा, म्हणजे आधीच्या सोळापट उजेड हवा. तो एफ/४ ने मिळत नाही आणि एफ/२.८ नेही पुरेसा मिळत नाही. अशा ठिकाणी एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्सच लागते. झूममध्ये थोडा जास्त उजेड मिळावा म्हणून पैसे आणि पल्ला दोन्ही गमावण्यापेक्षा झूमकडून उजेडाची अपेक्षाच करू नये, आणि काळोखासाठी एक चिमुकली प्राइम वेगळी ठेवावी, असा माझा निष्कर्ष निघाला. ‘एकच लेन्स’ हा संकल्प येथे मोडला, हे कबूल आहे. परंतु गुहेत किंवा देवळाच्या सभामंडपात पाऊस नसतो आणि हात मोकळे असतात, त्यामुळे लेन्स बदलण्याची जी अडचण उघड्यावर होती ती तेथे राहत नाही.

म्हणून १८-१३५ घेतली आणि जोडीला सोनीचीच ३५ एफ/१.८. ही ३५ ची लेन्स सुमारे १५५ ग्रॅमची आहे आणि तिच्यातही स्थिरीकरण आहे. दोन्हींचे वजन मिळून ४८० ग्रॅम होते, आणि कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या १८-१३५ एसटीएम या एकट्या लेन्सचे वजनही तेवढेच आहे. माझ्यासारख्या मिररलेस कॅमेऱ्यात डीएसएलआरमधला आरसा नसल्यामुळे लेन्सचा माउंट सेन्सरच्या जवळ आणता येतो. कॅननच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर आहे, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिलिमीटर. शिवाय फोटोच्या कडांना येणारा बाक काचांनी सरळ करण्याऐवजी तो कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअरवर सोपवला जातो. ही हातचलाखी काही शुद्धतावाद्यांना रुचत नाही. पाठीवर पिशवी घेऊन चढणाऱ्याला रुचायला हरकत नसावी.

पल्ल्याचा उपयोग मला गडापेक्षा वारीत अधिक झाला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हा वळणावळणाच्या रस्त्यावर पताकांची जी रांग दिसते ती १८ वर दोऱ्यासारखी बारीक येते. १३५ वर त्याच रस्त्याची वळणे एकमेकांजवळ येतात आणि गर्दीची दाटी फोटोत उतरते. एफ/५.६ तेथे आड आले नाही. आषाढातील ढगाळ दुपारी एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ८०० ठेवले की शटर १/१००० च्या आसपास जाते, आणि रिंगणातील धावता अश्वही तेवढ्यात थांबतो. पक्ष्यांसाठी मात्र १३५ तोकडे आहे. पण पक्ष्यांचा छंद असणाऱ्याने वजनाची तक्रार करूच नये, असे माझे मत आहे.

यांपैकी १८-१३५ मी वापरलेली घेतली. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, तेथे जाताना खिशात लहान टॉर्च असावा. दोन्ही झाकणे काढून, एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिले की काचेवरील बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मी पाहिलेल्या पहिल्या लेन्समध्ये ती होती. घरी आता दोन्ही लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. १८-१३५ वर ५५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो आणि ३५ वर ४९ चा. दोन मापे जुळवणारी एक जोडकडी घेतल्यामुळे पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, एकच पुरतो.

दोन मिलिमीटरची ती उणीव मात्र कोकणकड्यावर जाणवलीच. कडा अर्धवर्तुळाकार आणि आत वळलेला असल्यामुळे १८ वर तो एका चौकटीत मावत नाही. कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे पाच फोटो घेतले आणि घरी ते जोडले. जोड बेमालूम बसला, फक्त कड्याच्या काठाशी पालथे पडून खाली पाहणारे एक गृहस्थ मधल्या वेळात उठून दोन पावले सरकले होते. त्यामुळे त्या फोटोत ते एकदा पालथे पडलेले आहेत आणि एकदा शेजारी उभे राहून पँटवरचे गवत झटकत आहेत.