जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

"गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला? ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?" लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, अगदी वकिलांच्या बाररूममध्येही मला हे विचारलं जातं. ज्यांना वकील लावणं परवडत नाही, त्यांचे खटले मी विधी सेवा प्राधिकरणातर्फे चालवते, म्हणून. विचारणारे सगळेच टोमणा मारत नसतात, बऱ्याच जणांना खरंच उत्तर हवं असतं.

तर, मी ज्यांना तुरुंगात भेटते त्यातले बहुतेक अजून गुन्हेगार ठरलेलेच नसतात. २०२२ च्या अखेरीला देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी. चारातले तीन. यात खुनाचे, बलात्काराचे आरोपीही आहेत आणि त्यांना आत ठेवायला सबळ कारणं असू शकतात, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो कोर्टाने "सोडा" म्हटल्यावरही आत बसलेल्यांबद्दल.

हे कसं होतं ते सांगते. चोरीच्या केसमध्ये जामीन मंजूर होतो. आदेशात लिहिलेलं असतं, पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. ऐकायला किती साधं! पण जामीनदाराने सातबारा किंवा घराचा उतारा आणायचा, नाहीतर पगारपत्रक. रेशनकार्ड, आधार वेगळं. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. आता बांधकामावर विटा उचलणाऱ्या पोराच्या ओळखीत सातबारावाला कोण असणार? गावाकडे चुलत्याची जमीन असते, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या कागदांची पडताळणी व्हायची म्हणजे किती दिवस, कुणी सांगावं. मग कोर्टाच्या आवारात कुणीतरी कानाशी येऊन विचारतं, "जामीनदार पाहिजे का?" भाड्याचा जामीनदार. सगळ्यांना माहीत असतं, कुणालाच दिसत नाही.

बरं, हे काही नवं नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यातला आरोपी गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, तर खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगातले असे कैदी समोर आले, की ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ ते निकालाविना आत होते. तिथे न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की जामीन देताना आरोपीचा खिसा बघू नका, त्याची मुळं बघा. तो किती वर्षं तिथे राहतो, काम काय करतो, घरचे कुठे आहेत. हे माझ्या जन्माआधीचं. मी आजही ऐपतीच्या दाखल्यामागे पळते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, नुकसान झालेल्यांचा.

आरोपी आत असला की तारखेला त्याला आणायला पोलिसांचा गार्ड लागतो. गार्ड मिळाला नाही की आरोपी हजर नाही. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजर केला तर कधी आवाज येत नाही, कधी चेहरा गोठतो. फिर्यादी बाई मात्र दिवसाची मजुरी बुडवून सकाळपासून व्हरांड्यात बसलेली असते. दुपारी शिपाई पुढची तारीख पुकारतो. तीच बाई मला तावातावाने विचारते, "मॅडम, तुमच्या त्या माणसाला आणत का नाहीत?" हा माणूस बाहेर असता तर रिक्षाने आला असता. त्याला आत ठेवून तिला काय मिळालं, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि मग ती कबुली. किरकोळ चोरीतला पोरगा, जामीन मिळून काही महिने झालेले, जामीनदार नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली वाकून मला विचारतो, "कबूल केलं तर आज सुटतो का?" मी सांगते, बहुतेक हो, भोगलेली कैद हीच शिक्षा धरतील. लढलास तर साक्षीदार कधी येतील सांगता येत नाही. "मग कबूल." चोरी त्याने केली होती की नाही, हे कोर्टाला कळलं नाही, मलाही नाही, फिर्यादीला तर नाहीच. पण नावावर शिक्षा लागली. वस्तीत पुढची चोरी झाली की पोलीस आधी त्याच्याच दारात.

नवीन कायदा आलाय ना, असंही लोक म्हणतात. आलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. तसा अर्ज तुरुंग अधीक्षकानेच करायचा, ही फार चांगली सोय. पण त्याच कलमात मेख आहे. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. आणि किरकोळ चोरीतल्या पोरावर एकच केस, असं क्वचित.

शेवटी हमखास येणारा प्रश्न, "जामीनदाराशिवाय सोडला आणि पळून गेला तर?" काही जण पळतात, खोटं कशाला बोलू. पण भाड्याच्या जामीनदाराचा आरोपीही पळतो, आणि तेव्हा तो जामीनदार दिलेल्या पत्त्यावर कधीच सापडत नाही. म्हणून मी अर्जाला मुकादमाचं पत्र, मुलांच्या शाळेचा दाखला, भाडेकराराची झेरॉक्स जोडते आणि फक्त जातमुचलका मागते. काही न्यायाधीश ते कागद उलटून बघतात, एखादा प्रश्न विचारतात आणि मान्य करतात. काही म्हणतात, "मॅडम, एक जामीनदार तरी द्या."