हयातीचा दाखला
आज आबांना घेऊन बँकेत गेलो होतो, हयातीचा दाखला द्यायला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत हे दाखवायला. नोव्हेंबरातली गर्दी. बाकं चार आणि म्हातारी माणसं पन्नासएक, निम्मी भिंतीला टेकून उभी.

शेजारच्या आजींचा अंगठा मशीनवर उमटेना. पदराला पुसला, तोंडाची वाफ दिली, पुन्हा लावला. नाहीच. "जलमभर भांडी घासली रं बाळा, रेघा ऱ्हातील कुठनं?" मला बोलताच येईना.

2021 पासून चेहरा दाखवून मोबाईलवरही दाखला देता येतो. माझ्या फोनवरून तिथंच करून दिला. पण हे त्यांना सांगणार कोण? मुलगा पुण्यात, लेक दुबईत.

2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळपास 10 टक्के होती. आमच्या मंगळवार पेठेत संध्याकाळी कट्ट्यावर बघा, सगळी पांढरी डोकी. निराधार वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना 200 रुपये, ऐंशीनंतर 500. बीपीच्या गोळ्या तरी भागतात का त्यात? राग येतो खरंच.

निघताना आजींनी हात धरला. "फुडच्या वर्षी येशील न्हवं?"

येतो म्हटलं. नंबर लिहून दिलाय, मोठ्या अक्षरात.